खेळाडूला झालेली शिक्षा न्याय्य आहे का, हे कसे तपासावे

मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण याच्यावर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने १३ सप्टेंबर २०१३ रोजी आजीवन बंदी घातली, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पुढे मंडळाच्या लोकपालांनी ही शिक्षा सात वर्षांवर आणली, मात्र तो निर्णय झाला २०२१ मध्ये, आणि सात वर्षे तर सप्टेंबर २०२० मध्येच भरली होती. म्हणजे शिक्षा कमी होऊनही, त्या कमी झालेल्या शिक्षेपेक्षा अधिक काळ तो मैदानाबाहेर राहिला. त्याने स्पॉट-फिक्सिंग केले, म्हणजे पैशांसाठी सामन्याचा एखादा भाग आधी ठरवून खेळला, हा मंडळाचा निष्कर्ष आजही कायम आहे. तरीही त्याला मिळालेली वागणूक न्याय्य होती का, हा प्रश्न उरतोच. खेळाडू दोषी आहे का हा एक प्रश्न, आणि दोषी असेल तर त्याला किती शिक्षा व्हावी हा अगदी दुसरा प्रश्न. ज्याला शिक्षेचा न्याय तपासायचा आहे त्याने सर्वांत आधी हे दोन प्रश्न वेगळे करावेत.

खेळाडूवर बंदी आल्याची बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो की आमच्या खेळाडूला मुद्दाम अडकवले, दुसरा म्हणतो की अशांना जन्माची अद्दल घडली पाहिजे. दोघेही पहिल्याच प्रश्नाभोवती फिरत असतात, शिक्षेच्या मापाकडे कोणी पाहत नाही. ही गल्लत केवळ प्रेक्षक करतात असेही नाही. चव्हाणबरोबरच बंदी आलेल्या वेगवान गोलंदाज श्रीशांतच्या प्रकरणात खुद्द मंडळाच्या शिस्तपालन समितीने ती केली होती. मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत या गुन्ह्यासाठी किमान पाच वर्षे आणि कमाल आजीवन बंदी अशी तरतूद होती. समितीने दोष निश्चित केला आणि त्याच दमात कमाल शिक्षा देऊन टाकली. पाच वर्षे का नाहीत, दहा का नाहीत, गुन्हा गंभीर ठरवणाऱ्या आणि सौम्य ठरवणाऱ्या बाबी कोणत्या, याचा स्वतंत्र विचार झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०१९ रोजी नेमके यावर बोट ठेवले. दोष कायम ठेवला, आजीवन बंदी रद्द केली, आणि श्रीशांतचे म्हणणे ऐकून शिक्षा किती असावी ते तीन महिन्यांत नव्याने ठरवावे, असा आदेश दिला. त्यानुसार लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये सात वर्षांची बंदी ठरवली.

पुढे जी पद्धत सांगितली आहे तिचा कणा हाच निकाल आहे. वृत्तपत्र वाचणाऱ्या सामान्य रसिकाला ती वापरता येईल, आणि एखाद्या क्लबच्या वा जिल्हा संघटनेच्या शिस्तपालन समितीत बसणाऱ्यालाही वापरता येईल. मी स्वतः अशा एका समितीत काही वर्षे होतो आणि तिथे माझ्या हातून एक चूक झाली, तिच्याविषयी पुढे लिहीनच.

आधी आदेश वाचावा

बातमीच्या मथळ्यावरून शिक्षेचा न्याय कधीही ठरवू नये. संबंधित संस्थेचे निवेदन किंवा आदेश मिळवावा आणि त्यातून दोन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: खेळाडूने प्रत्यक्ष काय केले असे म्हटले आहे, आणि ते कोणत्या कलमात बसवले आहे. पुष्कळ वाद इथेच निवळतात.

नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ कसोटीत सामनाधिकारी माइक डेनिस यांनी सचिन तेंडुलकरला एका कसोटीची निलंबित बंदी आणि सामन्याच्या मानधनाच्या ७५ टक्के दंड ठोठावला, तेव्हा ‘सचिनने चेंडू कुरतडला’ अशीच बातमी देशभर पसरली आणि संताप उसळला. प्रत्यक्षात चेंडूच्या शिवणीत अडकलेले गवत आणि माती त्याने पंचांच्या देखरेखीशिवाय काढली, हा ठपका होता. चेंडूची अवस्था बेकायदा बदलणे आणि पंचांना न सांगता चेंडू साफ करणे या दोन कृत्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले फसवणुकीत मोडते, दुसरे कार्यपद्धतीच्या चुकीत. डेनिस यांनी पत्रकारांसमोर आपल्या निर्णयाची कारणे सांगितली नाहीत, आणि संताप वाढायला ते मौनही कारणीभूत होते. कारणे न सांगता दिलेली शिक्षा बरोबर असली तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. म्हणून आदेश वाचताना कारणे लिहिली आहेत की केवळ निकाल, हे आवर्जून पाहावे.

याच्या शेजारी फेब्रुवारी २०२३ मधील नागपूर कसोटी ठेवून पाहावी. रवींद्र जडेजाने गोलंदाजीच्या बोटाला पंचांच्या परवानगीशिवाय मलम लावले आणि ते दृश्य कॅमेऱ्यात आले. मलम औषध म्हणूनच लावले होते आणि चेंडूला लावलेले नव्हते, याची सामनाधिकाऱ्यांची खात्री पटली. मानधनाच्या २५ टक्के दंड आणि एक डिमेरिट गुण, म्हणजे गैरवर्तनाची खात्यावर जमा होणारी नोंद, एवढ्यावर प्रकरण संपले. काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे आदेशात स्पष्ट होते, त्यामुळे शिक्षा पटण्यासारखी होती. दोन्ही प्रकरणांत कृत्य जवळपास एकाच जातीचे आहे आणि शिक्षेत मोठी तफावत आहे. मधल्या एकवीस वर्षांत नियम अधिक रेखीव झाले, हे त्याचे एक कारण आहे.

पुराव्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फौजदारी न्यायालयात संशयाला जागा न उरेल इतका पुरावा लागतो. क्रीडासंस्थांच्या चौकशीत तेवढा लागत नाही, निर्णय देणाऱ्याची पुरेशी खात्री पटली की पुरते. त्यामुळे दिल्लीच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये श्रीशांत, चव्हाण आणि इतरांना आरोपमुक्त केले तरी मंडळाची बंदी आपोआप उठली नाही. ‘कोर्टाने सोडले, मग बंदी कशी?’ असे विचारणाऱ्यांना याचे उत्तर माहीत नसते. मात्र याला दुसरी बाजूही आहे. पुराव्याचा निकष सैल असेल, तर शिक्षा ठरवताना हात आखडता घेण्याची जबाबदारी वाढते. कमी पुराव्यावर कमाल शिक्षा देणे मला कधीही पटलेले नाही.

नियम आधी लिहिलेला होता का

ज्या शिक्षेचा अंदाज खेळाडूला आधीच बांधता आला असता, ती कडक असली तरी अन्यायाची वाटत नाही. यासाठी आदेशातील कलम उघडून पाहावे, त्यात किमान आणि कमाल मर्यादा किती दिल्या आहेत ते पाहावे, आणि प्रत्यक्ष शिक्षा त्या पट्ट्यात कुठे बसते ते ठरवावे. शिक्षा टोकाला असेल, तर ती टोकाला का गेली याचे कारण आदेशात सापडले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आता हे काम बरेच सोपे झाले आहे. गैरवर्तनाचे चार स्तर आहेत, आणि सप्टेंबर २०१६ पासून प्रत्येक गुन्ह्यामागे डिमेरिट गुण जमा होतात. चोवीस महिन्यांत असे चार गुण झाले की त्यांचे दोन निलंबन गुण होतात, आणि दोन निलंबन गुण म्हणजे एक कसोटी किंवा मर्यादित षटकांचे दोन सामने, यांपैकी जे आधी येईल त्यातून बाहेर. जुलै २०२३ मध्ये मिरपूरला बांगलादेशविरुद्ध बाद दिल्यावर हरमनप्रीत कौरने बॅटने यष्ट्या उडवल्या, आणि सामना संपल्यावर बक्षीस समारंभात पंचगिरीवर उघड टीका केली. पहिल्या कृत्याला दुसऱ्या स्तराचे कलम लागले: ५० टक्के मानधनाचा दंड आणि तीन डिमेरिट गुण. टीकेला पहिल्या स्तराचे: २५ टक्के आणि एक गुण. तीन अधिक एक म्हणजे चार, आणि चार म्हणजे दोन सामने. कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही हे गणित मांडता येते. ते दोन सामने हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेतील उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीचे निघाले, आणि कर्णधार थेट अंतिम सामन्याला उभी राहिली. भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या दिवशीची पंचगिरी चांगली होती की वाईट, यावर आजही दुमत होऊ शकते, परंतु शिक्षा नियमातून सरळ निघालेली होती आणि सर्वांना ती सारखीच लागू झाली असती. तिला अन्यायकारक म्हणता येणार नाही.

माझी चूक इथेच झाली होती. आमच्या समितीपुढे एका वीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाचे प्रकरण आले. त्याने पायचीतचे अपील फेटाळणाऱ्या पंचांना छातीने ढकलले होते. कृत्याबद्दल शंका नव्हती, त्याने स्वतः कबूल केले होते. आमच्या नियमपुस्तिकेत मात्र एवढेच वाक्य होते: ‘गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूवर समिती योग्य ती कारवाई करील.’ त्या एका वाक्याच्या आधारावर आम्ही संध्याकाळी साडेसात वाजता, चहा येण्याच्या आत, त्याला दोन वर्षांसाठी बाहेर काढले. दोन वर्षांचा आकडा कुठून आला, हे आज मला सांगता येणार नाही, कारण तो कुठूनच आलेला नव्हता. समितीतील एक ज्येष्ठ सदस्य तो बोलले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलगा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्याला आत बोलावून निकाल सांगितला, पण ‘शिक्षेबद्दल तुला काही म्हणायचे आहे का?’ असे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. पंचांना ढकलणे गंभीर आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. मात्र आम्ही जे दिले त्याला माप नव्हते. तो मुलगा पुन्हा खेळायला आला नाही.

कोणाचा वाटा किती

एकाच प्रकरणात अनेक जण अडकलेले असतील, तर प्रत्येकाची भूमिका वेगळी मांडून पाहावी. कट कोणी रचला, कोणी पार पाडला, कोणी थांबवू शकत असताना थांबवला नाही, आणि पकडले गेल्यावर कोण खोटे बोलले, असे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. सर्वांना सारखी शिक्षा देणे दिसायला समान असते, पण वाटा असमान असेल तर ती समानता खोटी ठरते.

केपटाउनचे प्रकरण यासाठी सविस्तर अभ्यासण्यासारखे आहे. २४ मार्च २०१८, न्यूलँड्स मैदान, कसोटीचा तिसरा दिवस. कॅमेरून बँक्रॉफ्टच्या हातात काहीतरी पिवळे आहे हे कॅमेऱ्याने टिपले. ते मैदानावरील पडद्यावर दिसताच त्याने ती वस्तू पँटच्या आत सरकवली, आणि पंच जवळ आल्यावर खिशातून चष्मा पुसण्याचे काळे फडके काढून दाखवले. त्या संध्याकाळी कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि बँक्रॉफ्ट यांनी माती चिकटवलेली चिकटपट्टी वापरल्याचे सांगितले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाच्या चौकशीत तो सँडपेपर असल्याचे उघड झाले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने स्मिथला एक कसोटी आणि शंभर टक्के मानधन, तर बँक्रॉफ्टला ७५ टक्के मानधन आणि तीन डिमेरिट गुण अशी शिक्षा दिली. डेव्हिड वॉर्नरला परिषदेकडून काहीच झाले नाही. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने मात्र स्मिथ आणि वॉर्नर यांना प्रत्येकी बारा महिने आणि बँक्रॉफ्टला नऊ महिने बाहेर ठेवले. स्मिथला त्यापुढे आणखी एक वर्ष नेतृत्वासाठी अपात्र ठरवले, आणि ज्याने योजना आखली व बँक्रॉफ्टला ती करून दाखवली असा निष्कर्ष निघाला, त्या वॉर्नरला यापुढे नेतृत्वासाठी कधीही विचारात घेतले जाणार नाही, असे जाहीर केले.

आता तुलना करावी. नोव्हेंबर २०१६ मध्ये फाफ डू प्लेसीने होबार्टमध्ये तोंडातील गोळीची लाळ चेंडूला लावली. त्याला शंभर टक्के मानधनाचा दंड झाला, बंदी मुळीच नव्हती. एकाच नियमाखाली एकाला दंड आणि दुसऱ्याला वर्षभराची हकालपट्टी, म्हणून स्मिथवर अन्याय झाला, असे म्हणणारे अनेक होते. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. तुलना करताना कलम सारखे आहे एवढे पाहून भागत नाही, कृत्यही सारखे असावे लागते. केपटाउनला उपाहाराच्या वेळी बसून योजना ठरली होती, बाहेरची वस्तू मैदानात नेली गेली होती, ती लपवली गेली, पंचांना दुसरीच वस्तू दाखवली गेली आणि नंतरही सत्य अर्धवटच सांगितले गेले. परिषदेचे तेव्हाचे नियम इतक्या गंभीर कृत्याला पुरे पडणारे नव्हते, आणि परिषदेने ते जणू मान्यच केले: जुलै २०१८ पासून चेंडू कुरतडणे तिसऱ्या स्तरावर गेले आणि त्या स्तराची कमाल शिक्षा आठ निलंबन गुणांवरून बारांवर नेली गेली. मंडळाने तिघांत केलेला फरक, म्हणजे आदेश पाळणाऱ्या तरुणाला कमी, कर्णधाराला जास्त आणि योजना आखणाऱ्याला सर्वांत जास्त, हा फरक मला योग्य वाटतो.

खटकते ती वॉर्नरची तहहयात नेतृत्वबंदी. खेळण्याची बंदी बारा महिन्यांत संपली, पण दुसऱ्या शिक्षेला शेवटच नव्हता, आणि स्वीकारलेल्या शिक्षेचा फेरविचार करण्याची सोय तेव्हाच्या नियमांत नव्हती. ती २०२२ मध्ये घातली गेली. फेरविचाराची सुनावणी खुली होणार असे दिसताच वॉर्नरने अर्ज मागे घेतला, आणि शेवटी बंदी उठली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाल्यानंतर. कोणत्याही दीर्घ शिक्षेत हे जरूर तपासावे: ठरावीक काळानंतर पुन्हा अर्ज करण्याची वाट ठेवलेली आहे का? ती नसेल, तर सुधारणेला अर्थच उरत नाही.

वय हाही वाट्याचाच भाग आहे. २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत ठरवून नो-बॉल टाकणारा पाकिस्तानचा महंमद आमिर अवघा अठरा वर्षांचा होता, आणि सलमान बट हा त्याचा कर्णधार. फेब्रुवारी २०११ मध्ये दोहा येथील लवादाने बटला दहा वर्षे दिली, त्यांपैकी पाच निलंबित, त्याच प्रकरणातील दुसरा गोलंदाज महंमद आसिफला सात, त्यांपैकी दोन निलंबित, आणि आमिरला पाच. पाच वर्षे ही नियमातली किमान शिक्षा होती, त्यापेक्षा खाली जाण्याचा अधिकारच लवादाला नव्हता. अपवादात्मक परिस्थितीत किमान शिक्षेबाबत लवचिकता असावी, अशी शिफारस लवादाने परिषदेला केली. किमान शिक्षा ठरवून दिल्याने मनमानी टळते हे खरे, परंतु तीच किमान मर्यादा एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत न्यायाच्या आड येते. नियम तपासताना कमाल मर्यादेइतकेच किमान मर्यादेकडेही लक्ष द्यावे.

शिक्षेचे खरे वजन

कागदावर ‘आठ महिने’ लिहिलेले असते, पण खेळाडूने प्रत्यक्षात काय गमावले ते मोजून पाहावे. विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले, हे प्रतिबंधित द्रव्य खोकल्याच्या औषधांत असते. नमुना २२ फेब्रुवारी २०१९ चा होता, आणि बंदी जाहीर झाली ३० जुलैला. आठ महिने मोजायला सुरुवात मात्र १६ मार्चपासून केली गेली, म्हणून बंदी १५ नोव्हेंबरला संपली. या मागे मोजलेल्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता. औषध अनवधानाने घेतले हे त्याचे म्हणणे मंडळाने स्वीकारले, आणि आठ महिने हे माप मला त्या दृष्टीने कठोर वाटत नाही. पण ज्या दिवसांत माणूस मैदानावर खेळत होता तेच दिवस त्याच्या बंदीत धरले गेले, हे सामान्य रसिकाला पटवून देणे अवघड आहे. त्याच ऑगस्टमध्ये मंडळाने आपल्या खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्या राष्ट्रीय संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, सोपवण्याचे मान्य केले.

याउलट, चौकशीपूर्वीच भोगलेली शिक्षा हिशेबात धरली तर ते न्यायाला धरून होते. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात स्त्रियांविषयी केलेल्या हीन वक्तव्यांमुळे हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना जानेवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून परत बोलावले गेले. चौकशी व्हायच्या आधीच त्यांचे सामने हुकले. लोकपालांनी एप्रिलमध्ये निकाल देताना त्यांचे सुमारे ३० लाख रुपयांचे उत्पन्न आधीच बुडाले आहे याची नोंद घेतली आणि प्रत्येकी २० लाखांचा दंड लावला. त्यातला निम्मा कर्तव्यावर प्राण गमावलेल्या निमलष्करी दलांतील दहा जवानांच्या कुटुंबांना, आणि निम्मा अंध क्रिकेटच्या निधीला.

आणखी एक कसोटी लावावी: शिक्षा गुन्ह्याच्या जागेपुरती आहे की खेळाडूचे सगळेच दार बंद करते? २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात उरुग्वेच्या लुइस सुआरेझने इटलीच्या कियेल्लिनीला चावा घेतला. चावण्याचा त्याचा हा तिसरा प्रसंग होता, त्यामुळे नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने ही बंदी जड म्हणता येत नाही. मात्र मूळ आदेशात त्याला चार महिने फुटबॉलशी संबंधित सर्वच गोष्टींपासून दूर ठेवले होते, अगदी संघाबरोबर सराव करण्यापासूनही. क्रीडा लवाद न्यायालयाने बंदीचा काळ तसाच ठेवला, सराव मात्र मोकळा केला. खेळाडूला सामन्यातून काढणे ही शिक्षा झाली, त्याला सरावापासून तोडणे म्हणजे त्याचा हातखंडाच काढून घेणे.

निकाल कोणी दिला, आणि किती वेळात

तक्रार करणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकच असेल तर सावध व्हावे. अपिलाची सोय आहे का, आणि अपील ऐकणारा पहिल्या निर्णयापासून खरोखर स्वतंत्र आहे का, हे पाहावे. अपील करणाऱ्याचाच फायदा होतो असे नाही. जोगेश्वरीत राहून पुढे आलेला पैलवान नरसिंग यादव याला २०१६ मध्ये उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात नाडाच्या समितीने, त्याच्या पेयात कोणीतरी भेसळ केली हे त्याचे म्हणणे मानून, दोषमुक्त केले. वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, त्याविरुद्ध अपील केले, आणि क्रीडा लवाद न्यायालयाने रिओ ऑलिंपिकमधील त्याच्या लढतीच्या तोंडावर त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

अपील ऐकणाऱ्यापुढे संपूर्ण माहिती होती का, हेही तपासावे. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीनंतर हरभजनसिंगवर वर्णद्वेषी शेरेबाजीच्या आरोपावरून तीन कसोटींची बंदी आली. अपिलात न्यूझीलंडचे न्या. जॉन हॅन्सन यांनी तो आरोप सिद्ध होत नसल्याचे सांगून अपशब्दांच्या कलमाखाली मानधनाच्या ५० टक्के दंडावर प्रकरण आणले. आरोपाबाबतचा त्यांचा निष्कर्ष विचारपूर्वक काढलेला होता. पण दंड ठरवताना हरभजनच्या पूर्वीच्या शिक्षांची पूर्ण नोंद त्यांच्यापुढे नव्हती, परिषदेच्या नोंदीतील चुकीमुळे ती पोहोचलीच नाही. त्यात २००१ ची, त्याच पोर्ट एलिझाबेथ कसोटीतील निलंबित बंदीही होती. ती माहीत असती तर कदाचित वेगळी शिक्षा झाली असती, असे हॅन्सन यांनी नंतर सांगितले.

उरला वेळ. माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित अन्याय विलंबाचा आहे. टेनिसपटू सिमोना हालेपला उत्तेजकाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये तात्पुरते निलंबित केले गेले, पुढे चार वर्षांची बंदी झाली, आणि मार्च २०२४ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ती नऊ महिन्यांवर आणली. तोवर ती सुमारे सतरा महिने खेळापासून दूर होती. महंमद अझरुद्दीनची २००० मधील आजीवन बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये बेकायदा ठरवली, तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. त्याची कसोटींची संख्या ९९ वर थांबलेली होती. न्यायालयाच्या कागदाने ती शंभर होऊ शकत नव्हती. खेळाडूची कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची असते, त्यामुळे इतर कोणत्याही व्यवसायापेक्षा इथे उशीर अधिक महाग पडतो. निकाल लागला त्या तारखेपर्यंत खेळाडूने किती काळ भोगला, हे गणित दरवेळी मांडून पाहावे. चव्हाण आणि हालेप या दोघांच्या बाबतीत उत्तर एकच येते: अंतिम शिक्षेपेक्षा जास्त.

आपल्या क्लबात हेच करताना

व्यावसायिक खेळात लोकपाल, लवाद, वकील असतात. गावातल्या स्पर्धेत ते नसतात, पण पद्धत तीच वापरता येते. त्या वीस वर्षांच्या गोलंदाजाच्या प्रकरणानंतर मी समितीपुढे एक साधा बदल मांडला आणि तो मंजूर झाला. नियमपुस्तिकेतले ‘योग्य ती कारवाई’ हे वाक्य काढले. त्याऐवजी पंचांशी वाद घालणे, शिवीगाळ, साहित्याची मोडतोड, अंगावर जाणे आणि मारहाण अशा पाच पायऱ्या लिहिल्या, प्रत्येकीसमोर किमान आणि कमाल सामने लिहिले. शिक्षा महिन्यांत न देता सामन्यांत द्यायची असे ठरवले, कारण पावसाळ्यातले चार महिने आणि हंगामातले चार महिने सारखे नसतात. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी किमान मर्यादेखाली जाण्याची मुभा ठेवली, मात्र कारण लिहिण्याच्या अटीवर.

सुनावणी दोन बैठकांत होते. पहिल्या बैठकीत काय घडले एवढेच ठरते. दुसरी बैठक सात दिवसांच्या आत होते, आणि तिच्यात शिक्षेबद्दल पहिले बोलणे खेळाडूचे असते, सोबत घरचे कोणी किंवा कर्णधार बसू शकतो. आदेशाच्या कागदावर चार रकाने आहेत: सिद्ध झालेले कृत्य, लागू कलम, शिक्षा व तिची कारणे, आणि फेरविचारासाठी अर्ज करता येईल ती तारीख. शेवटचा रकाना रिकामा असेल तर सचिवांनी त्या कागदावर सही करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.